शाल घेऊन नाचणारी पेलागिया

वॉर्सामध्ये पोलंडच्या राजांचा जुना वाडा आहे. तिथल्या संग्रहात एका तरुण बाईचं तैलचित्र आहे. व्यक्तिचित्रातल्या बायका सहसा खुर्चीत नाहीतर खांबाला टेकून असतात. ही मात्र हातात शाल घेऊन नाचते आहे. नाव पेलागिया सापिएझिना. चित्र १७९४ सालचं, काढणारी फ्रेंच बाई, एलिझाबेथ व्हिजे-लब्रं. त्या वर्षी व्हिजे-लब्रं व्हिएन्नात राहत होती.

कलेच्या पुस्तकात अशा चित्राबद्दल एक ठरलेली ओळ असते: नवअभिजात शैलीतलं, उमराव घराण्यातल्या पोलिश स्त्रीचं तैलचित्र. ओळीत चूक काही नाही, पण ती वाचून आपल्याला कळतही काही नाही. नवअभिजात म्हणजे काय, तैलचित्रात तेलाचं काम काय, हे सांगता येईल. माझी गाडी अडली ती ‘पोलिश’ या शब्दापाशी. बाई पोलिश आहे हे नुसतं चित्र बघून कोणीही सांगू शकणार नाही. ते सांगायला चित्राच्या बाहेर बरंच हिंडावं लागतं.

आधी नाव सोडवू. आडनाव सापिएहा. त्या घरात दिलेली सून झाली सापिएझिना. आणि तिच्या नावापुढे पोलिश लोक आवर्जून लिहितात, ‘पोतोत्स्कींच्या घरातली’. म्हणजे माहेरची पोतोत्स्का, कारण आडनाव पुरुषाचं असेल तर पोतोत्स्की आणि बाईचं असेल तर पोतोत्स्का. माहेर-सासर एका दमात सांगणारी ही पद्धत आपल्याला काही परकी वाटायला नको. सापिएहा आणि पोतोत्स्की ही त्या काळच्या पोलंडमधली बडी घराणी. गावंच्या गावं मालकीची, पदरी स्वतःचं सैन्य. आपल्याकडच्या मोठ्या जहागीरदारांच्या घरातली सोयरीक डोळ्यासमोर आणा.

आता नवअभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन कलेच्या वळणाने जाणारी शैली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि दोन रोमन गावं राखेखाली गेली. त्यातल्या हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ मध्ये सुरू झालं, पॉम्पेईचं १७४८ मध्ये. तोपर्यंत युरोपातल्या लोकांना प्राचीन जग माहीत होतं ते पुतळ्यांतून आणि पडक्या देवळांतून. आता घरंच सापडली. भांडी, दिवे आणि रंगवलेल्या भिंती. एका भिंतीवर काळ्या पार्श्वभूमीवर तरंगत नाचणाऱ्या बायका होत्या. अंगावर पातळ वस्त्रं, हातात वाऱ्याने फुगलेली ओढणी. या चित्रांच्या छापील प्रती सुंदर ग्रंथांतून युरोपभर फिरल्या आणि कपबशीपासून छतापर्यंत सगळीकडे या नर्तकी दिसू लागल्या. दुसऱ्या बाजूला विंकेलमान नावाचा जर्मन विद्वान लिहीत होता की ग्रीक कलेचं मोठेपण तिच्या उदात्त साधेपणात आणि शांत भव्यतेत आहे. ते वाक्य त्या काळी इतकं पाठ झालं की दिवाणखान्यातली मंडळी ते सुविचारासारखं फेकत असावीत.

साधेपणाचं एवढं कौतुक का, हे कळायला आधीची फॅशन बघावी लागते. अठराव्या शतकातली दरबारी बाई म्हणजे एक चालतंबोलतं बांधकाम होतं. कमरेला आवळून बांधलेला साचा, घागऱ्याखाली पिंजरा, केसांचा मनोरा आणि त्यावर पीठ भुरभुरावं तशी पांढरी पूड. नवअभिजात चित्रकारांनी हे सगळं उतरवून ठेवलं. केस मोकळे, झगा सैल, कापडाच्या चुण्या अंगावरून खाली वाहणाऱ्या. पुतळ्याला कपडे नेसवावेत तसे.

व्हिजे-लब्रंला दरबारी वेषाचा मनापासून तिटकारा होता. तिने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यात ती सांगते की मी समोर बसणाऱ्या बायकांना केसांना पूड लावू देत नसे, आणि शालींची फॅशन आली नव्हती तेव्हापासून मी त्यांच्या अंगावर रुंद ओढण्या गुंडाळत असे, राफाएल या जुन्या इटालियन चित्रकाराच्या चित्रांतल्या वस्त्रांसारख्या. याच आठवणींत तिच्या ग्रीक जेवणाचा किस्सा आहे. १७८८ मधली गोष्ट. संध्याकाळी पाहुणे यायचे होते. तिचा भाऊ तिला प्राचीन ग्रीसबद्दलचं पुस्तक वाचून दाखवत होता. त्यात जेवणाचं वर्णन आलं आणि बाईंच्या डोक्यात किडा वळवळला. घरातल्या चादरी-पडदे काढून आलेल्या पाहुण्यांना ग्रीक नेसवलं, शेजाऱ्याकडून जुनी भांडी उसनी आणली, स्वयंपाकिणीला ग्रीक चटण्या करायला लावल्या. खर्च आला साधारण पंधरा फ्रँक. पण बातमी दरबारात पोचली तेव्हा आकडा वीस हजार झाला होता. पुढे ती देशोधडीला लागली आणि आकडा तिच्या पुढे पुढे धावत राहिला: रोममध्ये चाळीस हजार, व्हिएन्नात साठ हजार, सेंट पीटर्सबर्गला पोचेपर्यंत ऐंशी हजार. मला हा किस्सा आवडतो, कारण नवअभिजात शैलीचं मर्म यात सापडतं. चार चादरी असल्या की ग्रीस उभा राहतो, फक्त नेसवणाऱ्याची नजर हवी.

अर्थात ‘साधा’ झगा स्वस्त असे असं समजू नका. ज्या पातळ पांढऱ्या कापडाने युरोपला वेड लावलं त्यातलं उत्तम कापड बंगालची मलमल होतं. १७८३ मध्ये व्हिजे-लब्रंने फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिला अशाच मलमली झग्यात रंगवलं आणि पॅरिसच्या सार्वजनिक प्रदर्शनात चित्र लावलं. गदारोळ झाला. राणी आतल्या कपड्यांत चारचौघांत आली, असं लोक म्हणाले. शिवाय फ्रान्सच्या राणीने लियोंचं रेशीम सोडून परदेशी सुती कापड घालावं, याचा राग वेगळाच. चित्र उतरवावं लागलं आणि त्या जागी राणीचं रेशमी पोशाखातलं दुसरं चित्र आलं. ‘शाल’ हा शब्दसुद्धा असाच फिरत गेलेला आहे. मूळ फारसी, युरोपात पोचला तो हिंदुस्थानच्या वाटेने. पोलिश भाषेतही तो ‘शाल’च आहे.

पेलागियाच्या हातात शाल का आली, त्याचा धागा नेपल्समध्ये सापडतो. तिथे ब्रिटिश राजदूत हॅमिल्टन याची एमा नावाची देखणी मैत्रीण, पुढे बायको, पाहुण्यांसमोर एक खेळ करत असे. एकदोन शाली घ्यायच्या, त्या झटक्यात अंगावर वेगवेगळ्या प्रकारे टाकायच्या आणि प्रत्येक वेळी एखाद्या प्राचीन मूर्तीची ठेवण धरून स्तब्ध उभं राहायचं. पाहुण्यांनी ओळखायचं, ही कोण. गटेसारखा कवीही हे बघून थक्क झाला होता. व्हिजे-लब्रं नेपल्समध्ये असताना तिने एमाला खंजिरी घेऊन नाचणारी मदिरादेवाची भक्तीण म्हणून रंगवलं. पेलागियाचं चित्र बघताना एमाची आठवण येते आणि तिच्या मागे हर्क्युलेनियम-पॉम्पेईच्या भिंतीवरच्या त्या तरंगत्या नर्तकी दिसतात. सतराशे वर्षं राखेखाली असलेला नाच व्हिएन्नातल्या एका विशीच्याही आतल्या उमराव मुलीच्या अंगात येतो, असा हा प्रवास.

व्हिजे-लब्रं व्हिएन्नाला कशी पोचली, तेही थोडक्यात. ती राणीची लाडकी चित्रकर्ती. ऑक्टोबर १७८९ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, पॅरिसचा जमाव व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेला आणि राजाराणीला पॅरिसला घेऊन आला. त्याच सुमाराला ही लहान मुलीला घेऊन, साध्या कपड्यांत, घोडागाडीने इटलीकडे निघाली. रोम, नेपल्स, मग १७९२ पासून व्हिएन्ना, १७९५ पासून सहा वर्षं रशिया. बारा वर्षांच्या वनवासात तिने हाताच्या कौशल्यावर घर चालवलं, आणि थाटात चालवलं. राजेरजवाड्यांना राणीच्या चित्रकर्तीकडून आपलं चित्र हवं असे, आणि त्यात पोलिश बायका हौसेने पुढे. १७९१ मध्ये रोममध्ये आन्ना पोतोत्स्का नावाची एक अशीच बाई नवऱ्याला घेऊन तिच्याकडे आली. नवरा खोलीबाहेर गेल्याबरोबर ती शांतपणे म्हणाली की हा माझा तिसरा नवरा, पण मला वाटतं मी पहिल्याकडेच परत जाईन. दारुडा आहे, पण माझ्याशी जमतं. व्हिजे-लब्रंने तिला शेवाळलेल्या खडकाला टेकवलं आणि मागे धबधबे सोडले. बाईंचा स्वभाव बघता पार्श्वभूमी योग्यच म्हणायची.

तेलाचं काम मात्र आपल्या स्वयंपाकघरातूनच समजून घेता येतं. खोबरेल ताटलीवर पसरून ठेवा, ते कधीच वाळणार नाही. जवसाचं तेल ठेवा. काही दिवसांत ते चिकट होतं, मग त्याचा पापुद्रा धरतो. पाणी उडून जातं तसं हे वाळणं नव्हे. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि घट्ट, पारदर्शक थर बनतं. या तेलात रंगाची पूड घोटली की तैलरंग तयार. हळू वाळतो म्हणून चित्रकाराला गालावरचा उजेड आणि हनुवटीखालची सावली एकमेकांत मिसळायला वेळ मिळतो. आणि थर पारदर्शक करता येतो म्हणून खालच्या फिक्या रंगावर पातळ रंगाचे पापुद्रे चढवता येतात. उजेड त्या थरांतून आत जातो, खालच्या रंगावर आपटून परत येतो. कातडी आतून उजळल्यासारखी दिसते ती यामुळे. व्हिजे-लब्रंने ही युक्ती १७८२ मध्ये अँटवर्पला रुबेन्स या जुन्या चित्रकाराचं एक चित्र बघून मनावर घेतली होती. उन्हाची तिरीप आणि टोपीच्या सावलीतला मंद उजेड, दोन्ही एकाच चेहऱ्यावर. परत आल्यावर तिने तसंच स्वतःचं चित्र काढून बघितलं.

तिने नवशिक्यांसाठी सूचनाही लिहून ठेवल्या आहेत. समोर बसणारी व्यक्ती येण्याच्या अर्धा तास आधी तयार राहा, म्हणजे मन जाग्यावर राहतं. रंगवण्याआधी गप्पा मारा. बायका असतील तर त्यांचं कौतुक करा, त्या खुलतात. ही खुशामत तिच्या चित्रांत उतरलेली दिसते, आणि इथे माझी तक्रार आहे. तिच्या चित्रांतल्या बायका एका आईच्या लेकी वाटतात. तेच मोठे डोळे, तेच किंचित उघडे ओठ. फ्रेंच राणी, पोलिश सरदारीण आणि रशियन काउंटेस ओळीने ठेवल्या तर कोण कुठली, ते सांगता येत नाही. नवअभिजात शैलीला हे दोषासारखं वाटतच नव्हतं. पुतळ्याला चामखीळ नसते.

पण पोलंडमध्ये चित्राची अगदी उलट परंपरा होती. पोलिश सरदार स्वतःला सार्मेशियन नावाच्या प्राचीन गवताळ प्रदेशातल्या योद्ध्यांचे वंशज मानत. डोक्याचा घेरा, झुपकेदार मिशा, ‘कोंतुश’ नावाचा फाडलेल्या बाह्यांचा लांब अंगरखा, कमरेला आपल्या शेल्यासारखा रुंद रेशमी पट्टा. आपल्या पेशवाई सरदाराला त्यांच्यात बसवलं असतं तर फारसा उपरा वाटला नसता. या मंडळींची मृत्यूनंतरची चित्रं फार विलक्षण. धातूच्या पत्र्यावर रंगवायची, सहा कोनांचा आकार, म्हणजे शवपेटीच्या टोकाला बरोबर बसेल असा. अंत्यविधीला मृत माणूस जमलेल्यांकडे त्या चित्रातून बघत असे. त्यात सुरकुत्या, लोंबते गाल, चामखीळ, सगळं जसंच्या तसं. चित्र म्हणजे तो माणूसच, अशी समजूत असल्यावर खोटं कसं रंगवणार?

पुरुष कोंतुशात असताना घरच्या बायका मात्र फ्रेंच फॅशन करत. त्यामुळे पेलागियाच्या चित्रात पोलिश खूण नाही यात तसं नवल नाही. चित्राने देशच नव्हे, तिचा हुद्दाही पुसून टाकला आहे. याच वर्षांत जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणविसांना तैलरंगात रंगवत होता. तिथे मोत्यांचे हार, पगडी, मागे उभे हुजरे; पेशवे कोण, हे सांगण्याची सगळी जबाबदारी वस्तूंवर. पेलागियाच्या चित्रात ती जबाबदारी कोणावरच नाही. इतकं मोठं घराणं असताना घराण्याचं काहीही न दाखवता चित्र काढून घ्यायचं, ही चैन परवडायला घराणं तेवढंच मोठं लागतं, असं मला वाटतं.

काटेकोर समीक्षक म्हणतील की व्हिजे-लब्रं पक्की नवअभिजात नव्हेच. कपडे ग्रीक, रंग मात्र आधीच्या गोडमिट्ट रोकोको शैलीचे. बरोबर आहे. या शैलीचा खरा सेनापती जाक-लुई दाविद. त्याने १७८१ मध्ये पेलागियाच्याच माहेरच्या आडनावाच्या स्तानिस्वाव कोस्त्का पोतोत्स्कीला घोड्यावर बसवून रंगवलं. हा पठ्ठ्या अंगात नुसता सदरा घालून टोपी काढून अभिवादन करतो आहे आणि कोपऱ्यात एक कुत्रा भुंकतो आहे. कुत्र्याच्या पट्ट्यावर दाविदने आपली सही टाकली आहे. ते चित्र वॉर्साजवळच्या विलानोव राजवाड्यात आहे.

आता १७९४ या सालाकडे येऊ. १७७२ मध्ये रशिया, प्रशिया (एक जर्मन राज्य) आणि ऑस्ट्रियाने पोलंडचे लचके तोडले होते. उरलेला देश सावरावा म्हणून ३ मे १७९१ रोजी तिथे नवी राज्यघटना आली. बड्या सरदारांचे हात त्यामुळे बांधले जाणार होते. त्यातल्या काहींनी रशियाच्या कॅथरिन राणीकडे धाव घेतली आणि १७९२ मध्ये घटनेविरुद्ध एक संघ उभा केला. जाहीर झाला तार्गोवित्सा गावी, शिजला होता सेंट पीटर्सबर्गमध्ये. रशियन फौजा आत आल्या, घटना गेली आणि १७९३ मध्ये देशाची दुसरी वाटणी झाली. पोलिश भाषेत ‘तार्गोवित्सा’ हा शब्द आजही देशद्रोहासाठी वापरतात. या संघाचा म्होरक्या होता स्तानिस्वाव श्चेंस्नी पोतोत्स्की. पेलागियाचा बाप.

(त्याच्याबद्दल अजून एक. पुढे त्याने पेलागियाच्या आईला सोडून सोफिया नावाच्या खऱ्याखुऱ्या ग्रीक बाईशी लग्न केलं आणि तिच्या नावाने उमान इथे ग्रीक पुराणकथांनी भरलेली प्रचंड बाग उभारली. ग्रीसचं वेड त्या घरात असं दोन पिढ्यांत दोन तऱ्हांनी शिरलं.)

मार्च १७९४ मध्ये पोलिश सेनानी कोश्चुश्को याच्या नेतृत्वाखाली रशियाविरुद्ध उठाव झाला. वॉर्सा बंडखोरांच्या हाती आलं आणि तार्गोवित्सावाल्यांचा हिशोब सुरू झाला. जे सापडले त्यातल्या काहींना भर चौकात फाशी दिलं. श्चेंस्नी पोतोत्स्की आणि त्याचे मुख्य साथीदार हाती लागले नव्हते. मग सप्टेंबरमध्ये वॉर्साच्या जुन्या बाजारचौकात फाशीचा खांब उभा केला, गर्दी जमली आणि त्यांच्या चित्रांना फाशी दिलं. ही थट्टा नव्हती. शिक्षा झालेली होती, माणूस नव्हता, म्हणून त्याच्या जागी त्याचं चित्र. पोलंडमध्ये राहणारा फ्रेंच चित्रकार नॉर्ब्लँ याने हा प्रसंग रंगवून ठेवला आहे. गर्दीच्या डोक्यांवरून दिसणाऱ्या त्या तसबिरी, फाशीच्या दोरावर.

म्हणजे ज्या वर्षी लेक व्हिएन्नात, म्हणजे वाटणी करणाऱ्यांपैकी ऑस्ट्रियाच्या राजधानीत, शाल घेऊन उभी होती, त्याच वर्षी वॉर्सात बापाचं चित्र खांबाला लटकत होतं. एका चित्रकर्तीने चेहऱ्यावरून देश, घराणं, हुद्दा सगळं पुसलं. चौकातल्या गर्दीला मात्र चित्रात नेमकं तेच हवं होतं. पेलागियाचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मला गोड वाटलं होतं. हे साल कळल्यापासून त्या नाचाकडे तसं बघता येत नाही. ती मुलगी बापाच्या पापाची धनीण नव्हती, हेही खरं.

नोव्हेंबरात रशियन सैन्याने वॉर्सा घेतलं. ऑक्टोबर १७९५ मध्ये तिसरी वाटणी झाली आणि पोलंड नकाशावरून गेला तो १९१८ पर्यंत. (त्याच महिन्यात पुण्यात सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून पडून गेले.) व्हिजे-लब्रं तोपर्यंत रशियात पोचली होती. तिथे तिने आणखी एका पोलिश माणसाला रंगवलं: शेवटचा राजा स्तानिस्वाव आउगुस्त पोन्यातोव्स्की. पदच्युत, रशियाच्या पाहुणचारात म्हणजे नजरेखाली दिवस काढणारा. फेब्रुवारी १७९८ मध्ये तो तिथेच वारला.

वॉर्साचा राजवाडा सप्टेंबर १९३९ च्या बाँबहल्ल्यात जळाला आणि १९४४ मध्ये जर्मनांनी सुरुंग लावून उरलेल्या भिंतीही उडवल्या. आज उभा आहे तो १९७१ नंतर पुन्हा बांधलेला. भोवतालचं जुनं शहरही असंच उभं केलेलं, आणि त्यासाठी मदतीला आली बेलोत्तो नावाच्या इटालियन चित्रकाराची अठराव्या शतकातली शहरचित्रं. खिडकी किती उंच, कंगोरा कसा, हे जिथे कागदपत्रं जळाली तिथे तैलचित्रांना विचारलं गेलं.

राजवाड्यातून बाहेर पडून श्व्येंतोयान्स्का या अरुंद रस्त्याने सरळ चालत निघालं की पाचेक मिनिटांत जुना बाजारचौक लागतो. बापाचं चित्र टांगलं होतं ते तिथे. लेकीचं राजवाड्यात आहे.